समाधीस कार्योत्तर परवानगी मिळणेबाबत

संदर्भाधीन विषय असा की, मोरजळ येथील गोसावी मठाचे मठाधिपती भैरवगिरी महाराज सकाळच्या उपासनेस बसले असता समाधिस्थ झाले. त्याच दिवशी प्रथेप्रमाणे त्यांना बसत्या स्थितीत, मठाच्याच आवारात, मीठ व भस्म घालून समाधी देण्यात आली. आणि हे सर्व यथासांग उरकल्यावर त्यास सरकारी परवानगी लागते, असे विश्वस्तांच्या ध्यानात आले. सबब, कार्योत्तर परवानगीसाठी अर्ज.

अर्ज मी लिहिला. कारकून निवृत्त झाला तरी त्याला अर्ज लिहिता येतो, ही गोष्ट गाव विसरत नाही.

पहिला अर्ज परत आला. विश्वस्तांचे अध्यक्ष त्र्यंबकराव कोठावळे यांनी मृत्यूच्या कारणापुढे ‘स्वेच्छेने’ असं लिहायचा हट्ट धरला होता. तहसील कचेरीतल्या बाईंनी विचारलं, स्वेच्छेने असेल तर पोलिसांत वर्दी दिली होती का? त्र्यंबकरावांनी शब्द मागे घेतला.

दुसऱ्या अर्जासाठी कचेरीनं दोन जबाब मागितले. एक, प्रसंगी हजर असलेल्या आणि वैद्यकीय समज असलेल्या माणसाचा. दुसरा, मयताच्या नातलगाचा.

पहिल्यासाठी चैतन्यगिरी होते. महाराजांचे शिष्य. संन्यास घेण्यापूर्वी ते शहरातल्या मोठ्या इस्पितळात तातडीच्या विभागात ब्रदर होते, आणि बंद पडलेलं हृदय छाती दाबून कसं चालू करायचं, याचे वर्ग घ्यायचे. रबरी पुतळा घेऊन गावोगाव जायचे. पोलीस, शिक्षक, एसटीचे कंडक्टर, सगळ्यांना त्यांनी शिकवलं होतं. आपण काय काय सोडून आलो, हे ते कुणी न विचारता सांगत.

संन्याशाला नातलग कुठला? पण गुरुबहीण होती. काशीगिरी माई. डोंगरावरच्या महादेवाच्या देवळामागे एका खोलीत राहायच्या. महाराज आणि त्या एकाच गुरूकडे वाढलेल्या.

कागद घेऊन मी आणि चैतन्यगिरी डोंगर चढलो. अर्धा डोंगर त्यांनी मला श्वास कसा घ्यावा ते सांगितलं. उरलेला अर्धा ते स्वतःच धापा टाकत होते.

तिथं झालेलं बोलणं असं.

“…म्हणजे तो बसला होता, की बसवला होता?”

माई पावटे सोलत होत्या. तोंडात दात नव्हते, आवाज मात्र खणखणीत.

“महाराज स्वतः बसले होते, माई,” चैतन्यगिरी म्हणाले. “पद्मासनात. नेहमीसारखे. मी त्यांच्या उजव्या हाताला होतो. बाकीचे शिष्य मागे बसतात. मला महाराजांनी पहिल्यापासून उजवीकडे बसवलं.”

“ते आधीचं झालं. मी नंतरचं विचारते.”

“नंतर… तोल जायला लागला. म्हणून आम्ही योगपट्टा बांधला.”

ध्यानाला बसताना कंबर आणि गुडघे एकत्र वेढून घ्यायचा कापडी पट्टा असतो, तो योगपट्टा. माणूस कलंडत नाही.

“कशाला बांधला?”

“आसन मोडू नये म्हणून.”

“बरं केलंत. आसन महत्त्वाचं.”

मी माईंच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं काही वाचता आलं नाही.

“आणि मान?”

“मान खाली आली होती. हनुवटी छातीला टेकलेली. जालंधर बंध लागला, माई. मोठमोठे योगी वर्षानुवर्षं सराव करतात, हनुवटी छातीला लावून प्राण कोंडतात. महाराजांचा बंध आपोआप लागला.”

“आपोआप.”

“हो.”

“आवाज येत होता?”

चैतन्यगिरींचा चेहरा उजळला. “नाद येत होता. खोल. थांबून थांबून. सगळ्यांनी ओळखलं, ॐकार चालू आहे. त्र्यंबकरावांनी तर माइक महाराजांच्या तोंडाजवळ नेला.”

हे खरं आहे. तो नाद कर्ण्यावरून सगळ्या मोरजळनं ऐकला. लोक हातातली कामं टाकून हात जोडून उभे राहिले. कुणीतरी तो मोबाइलवर घेतलाही. मठात हल्ली काकड आरतीनंतर तोच लावतात.

“मीही ऐकला,” माई म्हणाल्या.

“इथवर आला?”

“कर्ण्याचं तोंड डोंगराकडेच आहे की. ऐकला आणि ओळखला.” त्यांनी एक शेंग मोडली. “भैरव घोरतोय.”

“माई…”

“आमच्या गुरूच्या मठात सगळे एकाच पडवीत निजायचे. भैरव उताणा पडला की पत्रे हलायचे. म्हाताऱ्यानं मला ती सेवाच लावून दिली होती. काठी घेऊन निजायचं आणि भैरवला ढोसायचं. कुशीवर वळला की गप्प. एवढंच करायचं असे… कुशीवर वळवायचं.”

“तो ॐकार होता, माई. मी शेजारी होतो.”

“असं ये. माझ्यापुढं बस.”

चैतन्यगिरी पुढे सरकून बसले. पद्मासन घातलं. पाठ ताठ, डोळे अर्धे मिटलेले. सवयीचं काम.

माईंनी हात पुसला, त्यांच्या डोक्यामागे ठेवला आणि डोकं खाली दाबलं. हनुवटी छातीला जाऊन टेकली. माई दाबत राहिल्या. म्हातारीच्या मनगटात इतका जोर असेल, असं वाटलं नव्हतं.

“आता घे श्वास.”

घशातून घरघर आली.

“म्हण ॐ.”

पुन्हा घरघर. थोडी वेगळी, पण घरघरच.

माईंनी हात काढला नाही. चैतन्यगिरींनी शेवटी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरून बाजूला केलं. चेहरा लालबुंद झाला होता.

“लागला ॐकार?”

…

“सांग की रे. तू तर समाधीत गेलास तेवढ्यात.”

चैतन्यगिरी खोकत होते. माईंनी तांब्या पुढे सरकवला आणि पुन्हा शेंगा घेतल्या.

“तुझ्या इस्पितळात असा माणूस आणला तर काय करायचास? मान अशी, आवाज असा.”

“ते सोडलं मी, माई.”

“सोडलं, पण विसरलास का?”

प्रश्न जिव्हारी लागला असावा. चैतन्यगिरींनी उपरणं सावरलं. आवाज बदलला. हा आवाज मी मठात कधी ऐकला नव्हता. वर्ग घेणाऱ्या माणसाचा होता.

“आधी हाक मारायची. खांदे हलवायचे. उत्तर आलं नाही, तर मदतीला माणूस बोलवायचा, रुग्णवाहिका मागवायची. पेशंटला कठीण जमिनीवर उताणा निजवायचं. कपाळावर एक हात, हनुवटीच्या हाडाखाली दोन बोटं. मान मागे, हनुवटी वर. कारण माणूस बेशुद्ध झाला की जीभ ढिली पडते, घशात मागे जाते आणि हवेची वाट बंद होते. हनुवटी उचलली की जीभ उचलली जाते. मग छाती हलते का बघायचं. सारखा, नीट श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचं. आणि इथं लोक फसतात, माई. हृदय बंद पडल्यावर माणूस आचके देतो. घरघर करतो, थांबून थांबून. लोकांना वाटतं श्वास चालू आहे. तो श्वास नसतो. मी प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहायचो, आचक्याला श्वास समजू…”

ते थांबले.

माईंनी मान वर केली नाही. “पुढं?”

“…”

“पुढं काय करायचं? अर्धा वर्ग कुणाच्या कामाचा?”

“…छातीच्या मधोमध तळहात. त्यावर दुसरा तळहात. कोपर ताठ. हातांनी नाही, खांद्याच्या वजनानं दाबायचं. जोरात, भरभर. प्रत्येक दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यायची. बरगडी मोडली तरी थांबायचं नाही.”

“बरगडी मोडते?”

“म्हाताऱ्या माणसाची मोडते. मोडली तर जुळते.”

“मग भैरवची का नाही मोडलीस?”

चैतन्यगिरी माझ्याकडे बघायला लागले. मी कागद नीट लावू लागलो. ते आधीच नीट होते.

“महाराज समाधीत होते, माई. जिवंत माणसाची छाती दाबत नाहीत.”

“म्हणजे जिवंत होता.”

“समाधीत… म्हणजे जिवंतच म्हणायचं एक प्रकारे.”

“बरं. मग संध्याकाळी मीठ कुणावर ओतलंत?”

अशा वेळी गोष्टींमध्ये देवळाची घंटा वाजते, नाहीतर पक्षी उडतो. तसं काही झालं नाही. पावट्याची शेंग मोडल्याचा आवाज तेवढा आला.

“जिवंत होता, तर तुम्ही जिवंत माणूस पुरलात,” माई म्हणाल्या. “मेला होता, तर मरताना बघत बसलात, वर टाळ वाजवलेत. त्र्यंबकला तुझी सही यातल्या कशाखाली पाहिजे?”

“तिसरंही असतं, माई. आपण संन्यासी. आपल्याला ते तिसरं…”

“असेल बाबा. मला एवढ्या वर्षांत दिसलं नाही. तुला उजवीकडून दिसलं असेल.”

चैतन्यगिरी एकदम बोलायला लागले, भराभर, जबाब देताना माणूस बोलतो तसे.

“मला आज्ञा होती. मठात आलो त्या दिवशी महाराज सगळ्यांसमोर म्हणाले, ती विद्या पायरीखाली ठेव, मग वर ये. मी ठेवली. गावात कुणी पडलं तरी मला हाक मारायची नाही, असं मी सांगून ठेवलं होतं. आणि गुरूच्या छातीवर चढायचं, माई? माझा हात त्यांच्या पावलांच्या वर कधी गेला नाही. सगळा मंडप भरलेला. त्र्यंबकराव, बायाबापड्या, सगळे हात जोडून. मी उठून त्यांना आडवं पाडायचं, कफनी फाडायची… आणि त्यांनी डोळे उघडले असते तर? म्हणाले असते, एवढाच ओळखलास का मला?”

“म्हणजे तुझ्या मनात आलं होतं.”

“…”

“आलं होतं का?”

“माझा हात हलला होता,” चैतन्यगिरी म्हणाले. “मी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.”

माईंनी सूप बाजूला केलं. पहिल्यांदाच.

“आज्ञा सगळ्यांसमोर दिली म्हणालास?”

“हो.”

“भैरव सगळ्यांसमोर पुष्कळ काय काय म्हणायचा.”

त्या थोडा वेळ देवळाच्या भिंतीकडे बघत होत्या.

“थंडीत आला होता इथं. वाटेत दोनदा बसला, असं गुराखी म्हणाला. ओट्यावर टेकला तर तोंड राखेसारखं. छाती चोळत होता. म्हटलं, भैरव, दवाखान्यात जा. म्हणाला, मठाधिपती केसपेपरच्या रांगेत दिसला तर भक्तांनी कुणाकडं बघायचं? म्हटलं, मर मग. तर घाबरला. खरंच घाबरला. लहानपणीही असाच होता, काटा काढायचा तरी चौघांनी धरावं लागायचं.”

चैतन्यगिरी ऐकत होते.

“मग म्हणाला, काळजी करू नको काशी. एक पोरगा आलाय मठात. बढाया फार मारतो. ध्यानाला बसला की पेंगतो. त्याच्या हातून साधना काही व्हायची नाही. पण इस्पितळातला आहे. मेलेली माणसं उठवलीत म्हणे त्यानं. त्याला मी उजव्या हाताला बसवतो. मला काही झालं, तर तो आहे.”

…

“असं म्हणाले?”

“असंच म्हणाला.”

“पण मग मला… सगळ्यांसमोर…”

“सगळ्यांसमोर कसं सांगणार? तुझ्यासमोर तरी कसं सांगणार? गुरू होता ना तो तुझा.”

चैतन्यगिरी अगदी बारीक आवाजात म्हणाले, “मला वाटायचं, गादी माझ्याकडे यायची आहे. म्हणून उजवीकडे…”

मी चाळीत, कचेरीत, सभांत पुष्कळ माणसं गप्प झालेली पाहिली आहेत. हे गप्प होणं वेगळं होतं. माणूस समोर बसलेला होता आणि तिथं कुणी नव्हतं.

“माई,” ते शेवटी म्हणाले, “तुम्ही ओळखलं होतंत. आवाज ऐकून. मग तुम्ही…”

“निघाले होते. काठी घेतली आणि निघाले. म्हटलं, कुणीतरी कुशीवर वळवेलच तोवर, एवढी माणसं आहेत. माझे गुडघे असे. बसत, घसरत अर्धा डोंगर उतरले. तिथं भजन ऐकू आलं.” त्यांनी पदर खांद्यावर ओढला. “परत फिरले. भजन लागलं म्हणजे उरकलं.”

मग माई उठल्या. गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत, आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात वाकळ होती, जुन्या लुगड्यांची शिवलेली, जड. त्यांनी ती लांबट गुंडाळली आणि चैतन्यगिरींच्या पुढ्यात जमिनीवर टाकली.

“दाखव.”

“माई, नको.”

“दाखव म्हणते. एसटीच्या कंडक्टरांनी बघितला तुझा वर्ग. मी नको बघायला?”

चैतन्यगिरी गुडघ्यांवर आले. थोडा वेळ नुसते वाकळीकडे बघत राहिले. मग पुढे वाकले. वाकळीला तोंड नव्हतं, तरी त्यांचा एक हात तिच्या वरच्या टोकाकडे गेला, दुसऱ्या हाताची दोन बोटं खाली गेली आणि त्यांनी ते टोक हलकेच मागे कलतं केलं. फार जपून. तिथं कुणाची तरी हनुवटी असावी, इतकं जपून.

मग कान खाली नेला. छाती हलते का पाहिलं.

मग तळहात ठेवला. त्यावर दुसरा.

आणि दाबायला लागले.

पहिल्यांदा हळू, लाजत. मग हात आपोआप चालायला लागले. कोपर ताठ झाले. खांदे वरखाली व्हायला लागले. ते मोठ्यानं आकडे मोजत होते, तीसपर्यंत जाऊन पुन्हा एकपासून. वाकळीतून धूळ उडत होती. उपरणं गळून पडलं. रुद्राक्षांची माळ पुढे येऊन हातांवर आपटत होती, ती त्यांनी एका हिसक्यानं पाठीवर टाकली. एकही दाब चुकला नाही. मला यातलं कळत नाही, पण चांगलं काम चाललेलं कुणालाही कळतं.

मधेच आकडे बंद झाले. ते नुसते दाबत होते आणि रडत होते. रडण्यानं लय बिघडत नव्हती.

मग एकदम थांबले. हात तसेच वाकळीवर.

“थांबलास?” माईंनी विचारलं.

“माई, ही वाकळ आहे.”

“माझीच आहे, मला माहीत आहे. वर्गात काय सांगायचास? कधी थांबायचं असतं?”

चैतन्यगिरींनी मनगटानं नाक पुसलं.

“माणूस श्वास घ्यायला लागेपर्यंत थांबायचं नाही… किंवा दुसरं कुणी येऊन आपल्या हातून काम घेईपर्यंत… किंवा आपली ताकद संपेपर्यंत.”

“घेतला त्यानं श्वास?”

“नाही.”

“दुसरं कुणी आलं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जागेवरून हललो नव्हतो.

“नाही.”

“तुझी ताकद संपली?”

…

“नाही.”

“मग थांबलास कशाला?”

चैतन्यगिरी पुन्हा वाकले.

मी कागद घेऊन डोंगर उतरलो. माईंनी अंगठा दिला नाही. नकारही दिला नाही. चैतन्यगिरी मठात परतलेले नाहीत, त्यांची सही झालेली नाही. समाधीवर बसवायचा संगमरवर येऊन पडला आहे, आणि त्र्यंबकराव रोज माणूस पाठवून विचारतात.

अर्ज प्रलंबित आहे.